न हलणारा किल्ला

खिडकीच्या बुटक्या कठड्यावर गेले आठ दिवस एक गृहस्थ मुक्कामाला आहेत. नारळाच्या अर्ध्या करवंटीचं डोकं, खडूने रंगवलेले डोळे, त्यातला एक मोठा आणि एक बारीक, लाल लोकरीच्या तुकड्याचं तोंड आणि डोक्यावर मोहरीच्या कोंबांचे हिरवेगार केस. नातीला शाळेतून काम मिळालं आहे. घरी बसून, घरात असेल त्यातून, आपल्या हाताने काहीतरी बनवायचं आणि त्याचा फोटो पाठवायचा. ती तिसरीत आहे. करवंटी माझ्या स्वयंपाकघरातून गेली, कापूस माझ्या वातींच्या डब्यातून गेला आणि मोहरी मिसळणाच्या डब्यातून, तीही मला न विचारता. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, बिजौलीच्या एका कारखान्यात कामाला आहे. तो म्हणाला, ‘अगं, सदर बाजारात सगळं तयार मिळतं. डबा उघडायचा आणि चिकटवायचं.’ त्यावर ती म्हणाली, ‘पापा, हाथ से बनाना है.’ ती मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. आमच्या झाशीतल्या मराठी घरांतली ही पिढी अशीच आहे, आणि मी त्यावर रागावणं केव्हाच सोडून दिलं आहे.

आज सकाळी ती शाळेत गेल्यावर त्या गृहस्थांच्या टाळूवर पाणी शिंपडायला वाकले आणि ओल्या कापसाचा, कोवळ्या मोहरीचा तो किंचित तिखट, किंचित कुबट वास नाकात शिरला. हात तसाच राहिला. वासाचं हे असंच असतं. माणसांचे चेहरे आठवायला प्रयास पडतात, आवाज तर कधीच पुसट होतात. पण एखादा वास दार न वाजवता सरळ माजघरात येऊन बसतो. मी पाण्याचा पेला हातात धरून उभी होते आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या एका रेल्वे क्वार्टरच्या अंगणात, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली, आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे बघत होती.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीने त्यांना इकडे आणलं आणि मग इथलंच करून टाकलं. मालगाड्यांचे डबे तपासण्याचं त्यांचं काम होतं. लांब दांड्याची हातोडी घेऊन ते उभ्या गाडीच्या एकेका चाकावर ठोका मारत जायचे. चाक खणखणीत वाजलं की पुढे. बद्द वाजलं की समजायचं, आत कुठेतरी तडा आहे. डोळ्यांना न दिसणारा तडा त्यांच्या कानांना ऐकू येई. या गोष्टीचा मला इतका अभिमान होता की घरातल्या तपेल्यांवर, उंबऱ्यावर, एकदा तर शेजारच्यांच्या निजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यावरही मी चमच्याने ठोके मारून पाहिले होते. गावाकडून बाबांनी फार काही आणलं नव्हतं. एक पितळी तांब्या, बोलण्यातले काही हेल आणि दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची चाल, इतकंच.

तिकडे गल्लीगल्लीत किल्ले होतात, कुणाला काही सांगावं लागत नाही. इथे मात्र खरा किल्ला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की समोर टेकडीवर दिसायचा. शेजारपाजारचे लोक आम्हाला हसत. एवढा मोठा असताना हा कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण मला तो खरा किल्ला कधी आपला वाटला नाही. तो आधीच होऊन गेलेला होता. त्यात मी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकदा मी आईला विचारलं होतं, ‘त्या किल्ल्यावर गवत कुणी पेरलं?’ आई पोळ्या लाटत होती. ‘वाऱ्याने,’ ती म्हणाली. मला ते उत्तर पुष्कळ दिवस पुरलं.

आता शाळेकडे वळते, कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते. आमच्या शाळेत चित्रकलेला एक मास्तर होते. सगळी मुलं त्यांना ‘मास्साब’ म्हणत. उंच, वाळके, पायजम्याला सायकलची क्लिप कायमची लावलेली. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. ते वर्गात येत, फळ्यावर एक आंबा काढत, ‘बनाओ’ म्हणत आणि खुर्चीवर बसून डोळे मिटत. वर्षभर आंबा. परीक्षेतही आंबा. चित्रकला म्हणजे आंब्याचंच दुसरं नाव असावं अशी माझी कित्येक दिवस समजूत होती. अक्षर मात्र त्यांचं विलक्षण देखणं. बोरूने लिहिलेल्या त्यांच्या चिठ्ठ्या मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटात लावलेल्या असत. त्या कपाटात मुलांनी घरी केलेल्या वस्तू वर्षभर राहत, आणि प्रत्येक वस्तूपुढे मास्साबांच्या अक्षरातली चिठ्ठी. ‘कागज़ का मोर.’ ‘माचिस का सोफ़ा.’ ‘सींकों की झोपड़ी.’

त्या कपाटात आपली एक वस्तू असावी, याहून मोठी इच्छा मला त्या वयात नव्हती. खोटं कशाला बोलू, त्यानंतरही इतकी सबंध इच्छा फारशी झाली नाही. जाता-येता मी काचेला नाक लावून उभी राहायची. दिवाळीच्या सुट्टीआधी मास्साबांनी सांगितलं, ‘घर से कछू बनाकें लाइयो. अपने हाथ कौ. जो अच्छो हुइहै, सो अलमारी में धरो जैहै.’ घरून काहीतरी करून आणा, चांगलं असेल ते कपाटात जाईल. मी घरी धावत आले आणि दप्तरही न काढता आईला म्हणाले, ‘मी किल्ला करणार. सगळ्यात मोठा.’ आता तुम्ही मनात म्हणाल, या मुलीला एवढीही अक्कल नव्हती का? नव्हती. आणि आश्चर्य म्हणजे घरातल्या दोन मोठ्या माणसांनाही तेव्हा ती सुचली नाही. किल्ला म्हटल्यावर आमच्या घरात लोक थेट कामालाच लागायचे.

बाबांनी लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याच्या काठची चिकण माती सायकलला दोन्ही बाजूंना पिशव्या लटकावून आणली. पडक्या भिंतीच्या विटा आणल्या. आईने तळ गेलेली बादली दिली, ती पालथी घालून बालेकिल्ला झाला. त्यावर गोणपाट चिखलाच्या पाण्यात बुडवून पांघरायचं, थापटायचं, पुन्हा चिखल, पुन्हा गोणपाट. बुरूज मी केले, पायऱ्या मी केल्या, नखाने एकेक. करवंटीची गुहा केली, फुटक्या आरशाचं तळं केलं. पायथ्याशी काटक्यांचे रूळ अंथरून एक सिग्नलही उभा केला, कारण रेल्वेशिवाय किल्ल्यावर माणसं येणार कशी, हा प्रश्न मला खरोखरच पडला होता. मावळे इथे कुठून मिळणार? बाजारात दिवाळीला मातीची ग्वालिन मिळायची, दोन्ही हातांवर पणत्या धरलेली. ती गडावर उभी राहिली, आणि तिच्या शेजारी, इकडे महालक्ष्मीच्या पूजेत मांडतात तो मातीचा हत्ती, सोंड मोडलेला. ‘चालेल,’ बाबा म्हणाले, ‘पहारा झाल्याशी कारण.’

मग आईने तीन दिवस भिजलेल्या त्या गोणपाटावर मुठीने मोहरी फेकली. ‘आता हात लावायचा नाही,’ ती म्हणाली. हात न लावणं हे त्या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड काम होतं. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी दाणे फुगले. चौथ्या दिवशी पहाटे मी उठून अंगणात आले आणि उकिडवी बसले ती बसलेच. प्रत्येक दाण्यातून पांढरा दोरा बाहेर आला होता आणि आपली पिवळी टोपी डोक्यावरून ढकलून देत होता. पाचव्या-सहाव्या दिवशी सगळा डोंगर हिरवा. बुरूज मी केले होते, पायऱ्या मी केल्या होत्या, त्यांचं मला काही वाटलं नाही. पण हे मी केलं नव्हतं. मी तर झोपले होते. मी झोपले असताना माझ्या किल्ल्यावर कुणीतरी काम करून गेलं होतं, आणि ते कोण हे मला आजही ठाऊक नाही. अंगावर काटा आला होता, एवढं लख्ख आठवतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या जिज्जी आमच्या अंगणात आल्या. आई त्यांना जिज्जी म्हणे, म्हणून आम्हीही. त्या अस्सल बुंदेलखंडी. त्या दिवशी इकडे घरोघरी अंगणात शेणाचा गोवर्धन घालून पूजतात, त्याला ‘गोधन’ म्हणतात. जिज्जींनी आमचा हिरवा डोंगर पाहिला आणि त्यांचे डोळेच विस्फारले. ‘हाय राम, बाई, तुमाए गोधन तौ बड़े नौने बने!’ फारच सुंदर झालाय, म्हणत त्यांनी पदर डोक्यावर ओढला, बालेकिल्ल्याला हळद लावली, अक्षता टाकल्या, पायथ्याशी दिवा ठेवला आणि खील-बताशे, म्हणजे लाह्या-बत्तासे, थेट आरशाच्या तळ्यात वाहिले. मी संतापून किंचाळले, ‘जिज्जी, जे गोधन नईं आय! किला है!’ त्या शांतपणे हात जोडून म्हणाल्या, ‘हओ बिन्नू, हओ. पहार तौ पहार आय.’ हो पोरी, हो, डोंगर तो डोंगरच. आई तोंडाला पदर लावून हसत होती. तळ्यातले बताशे वेचताना मी रडतही होते आणि खातही होते.

शाळा उघडायला दोन दिवस राहिले तेव्हा आईच्या लक्षात आलं. भांडी घासता घासता ती एकदम थांबली आणि म्हणाली, ‘अगं, पण हा शाळेत कसा न्यायचा?’

चार फूट लांब, कमरेइतका उंच, विटा-माती-बादलीचा किल्ला. मी त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. कपाटाची काच, मास्साबांची चिठ्ठी, सगळं डोळ्यांसमोरून सरकत दूर गेलं. बाबा मात्र डगमगले नाहीत. भरलेला डबा जॅक लावून उचलणारी माणसं आम्ही, ते म्हणाले, या मातीची काय कथा! दुसऱ्या दिवशी ते कामावरचे दोन मित्र, एक लोखंडी पत्रा आणि एक हातगाडी घेऊन आले. बेत साधा होता. किल्ल्याखालून पत्रा सरकवायचा, चौघांनी चार कोपरे धरायचे, गाडीवर ठेवायचा आणि वाजतगाजत शाळेत. चौथी मी. जिज्जी कुंपणाला टेकून बघत होत्या. बाबांच्या एका मित्राने हाताला थुंकी लावली आणि मला म्हणाला, ‘फिकर मत करो बिटिया, अभी पहुँचा देते हैं.’ तेवढ्यात जिज्जी म्हणाल्या, ‘गोधन तौ भगवान नें उठाओ हतो भैया. तुम औरन सें का उठहै!’ देवाने उचललेला डोंगर तुमच्याने काय उचलणार!

सगळे हसले. बाबाही हसले. मग ‘हौले, हौले’ म्हणत उचललं. जेमतेम वीतभर उचललं असेल, पत्रा मधोमध वाकला. मालगाडीच्या डब्याला खाली सांगाडा असतो, किल्ल्याला नव्हता, ही साधी गोष्ट बाबांच्या तेव्हा ध्यानात आली. अगदी लहानसा आवाज झाला. बालेकिल्ल्यापासून पायथ्यापर्यंत, माझ्या पायऱ्यांना मधून चिरत, एक भेग खाली आली आणि किल्ला दोन भागांत वेगळा झाला. ग्वालिन उलटी पडली. चाकातला न दिसणारा तडा ओळखणारे माझे बाबा हातात पत्र्याचा कोपरा धरून त्या दिसणाऱ्या तड्याकडे बघत राहिले. त्यांनी तो पत्रा कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. मी त्यांच्यावर ओरडले, काय ओरडले ते सांगत नाही. त्या रात्री ते जेवायला बसले नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. आज वाटतं.

शाळा उघडली. एकेक मुलगा उठून आपली वस्तू टेबलावर ठेवत होता. आकाशकंदील, कागदाची फुलं, काड्यापेट्यांचा पंखा. माझी पाळी आली. मी रिकाम्या हातांनी उभी राहिले.

‘काए बिन्नू, तुमाओ कां है?’ मास्साबांनी विचारलं.

‘मास्साब, बनाया है,’ मी म्हणाले, ‘पर वो आता नहीं है.’

सगळा वर्ग खदखदून हसला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘ऊके पाँव नईं हैं का?’ मास्साब हसले नाहीत. ते कधीच हसत नसत. ‘कित्तो बड़ो है?’ त्यांनी विचारलं. मी हात पसरले, ते पुरले नाहीत. तेव्हा त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं असं काहीतरी केलं. आपल्या हातातला खडू माझ्यापुढे धरला. मी फळ्यापाशी गेले, आंबा पुसला आणि खऱ्या मापाचा किल्ला काढला, खालच्या कडेपासून हात पोहोचेल तिथपर्यंत. बुरूज, पायऱ्या, सिग्नल, हत्ती. भेग काढली नाही. मास्साबांनी फळ्यावरचा किल्ला खालपासून वरपर्यंत पाहिला. मग म्हणाले, ‘कौन सो क्वार्टर? संजा खों हम देखबे आहैं.’

संध्याकाळी बघायला येणार! मी घरापर्यंत पळत आले ती आनंदाने नव्हे. आता सगळंच उघडं पडणार होतं. फुटका किल्ला बघायला एक मोठा माणूस सायकल मारत येणार, आणि उद्या वर्गात सांगणार. आईने भराभर माती कालवली. आम्ही दोघींनी भेग लिंपायला घेतली. माती सुकल्यामुळे नवी चिकटेना, लिंपलेली गळून पडे. खालचा हातभर भाग कसाबसा बुजला, वरचा तसाच उघडा, आमचे हात कोपरांपर्यंत चिखलात, आणि दारात सायकलची घंटी वाजली. बाबाही त्याच वेळी कामावरून येत होते, हातात कंदील. पोटात जे असेल ते बोलून टाकण्याचा त्यांचा स्वभाव. नमस्कारही न करता ते म्हणाले, ‘मास्टरजी, मुझसे टूटा है. लड़की का कोई दोष नहीं.’ बाबांना इतक्या लहान आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मास्साबांनी सायकल भिंतीला लावली. दोन पावलं पुढे आले, थांबले, आणि त्यांनी पायांतल्या चपला काढल्या. कदाचित त्यांनाही तो आधी गोधनच वाटला असेल. मग ते मातीत उकिडवे बसले. बुरूज पाहिले, पायऱ्यांवरून बोट फिरवलं, सिग्नलपाशी क्षणभर अडखळले. आणि मग त्यांचं लक्ष भेगेकडे गेलं. ते वाकले, आणखी वाकले, शेवटी एक हात जमिनीवर टेकून जवळजवळ आडवे झाले. ‘भैया,’ त्यांनी बाबांना हाक मारली, ‘तनक बत्ती तौ दियो.’

बाबांनी कंदील भेगेशी धरला. मीही वाकले, कारण मास्साबांच्या तोंडाकडे बघून मला राहवेना. त्या भेगेच्या आत काय होतं सांगू? मुळं. गोणपाटाच्या एका थरातून दुसऱ्यात, चिखलातून विटेच्या फटीत, बादलीच्या कडेला वळसा घालून, हजारो पांढरी मुळं. केसाहून बारीक, एकमेकांत गुंतलेली, उजेडात चमकणारी. वर दिसत होतं ते बोटभर हिरवं. आत त्याच्या कितीतरी पट पांढरं पसरलं होतं आणि ते सबंध डोंगर धरून बसलं होतं. त्या मुळांमुळेच किल्ला पूर्ण ढासळला नव्हता. भेगेच्या दोन्ही काठांना ती ताणलेली दिसत होती, काही तुटलेली, पुष्कळशी न तुटलेली. इतके दिवस मी त्या किल्ल्याभोवती घिरट्या घातल्या होत्या आणि हे मला माहीत नव्हतं. फुटला नसता तर कधीच कळलं नसतं.

मी एकदाच मुळांकडे पाहिलं आणि मग पाहत राहिले ते मास्साबांच्या चेहऱ्याकडे. तो आंबेवाला चेहरा कुठे गेला होता कोण जाणे. तोंड किंचित उघडं, भुवया वर गेलेल्या, श्वास धरलेला. मोठी माणसं लहानांचं कौतुक करतात ते मला ठाऊक होतं. ‘अरे वा, छान’ म्हणतात आणि वर्तमानपत्र उलटतात. हे तसलं नव्हतं. माझ्या हातच्या चिखलापुढे एक मोठा माणूस थक्क झाला होता. मला आनंद झाला असं म्हणणं बरोबर नाही. मला भीती वाटली. आपल्या हातून असं काही होऊ शकतं, या गोष्टीची भीती.

आईने चकल्या पुढे केल्या. मास्साबांनी एक घेतली आणि हातातच धरून ठेवली. ‘बाई,’ ते आईला म्हणाले, ‘सब मोड़ा-मोड़ी बनाउत हैं. तुमाई बिन्नू नें तौ बो दओ.’ सगळी मुलं बनवतात, तुमच्या पोरीने पेरलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी बजावलं, ‘दरार अब भरियो ना.’ भेग बुजवू नकोस. चपला घातल्या, चकली खिशात टाकली आणि गेले. किल्ला कपाटात जाणार की नाही याबद्दल एक अक्षर नाही. जाणार तरी कसा होता?

तीन दिवसांनी कपाट मांडलं गेलं. मुलांची ही गर्दी. मी मागेच उभी होते, बघायचं नाही असं ठरवून. पण कुणीतरी मला पुढे ढकललं. वरच्या फळीवर कागदाचा मोर होता, आकाशकंदील होता, आणि त्या दोघांच्या मधे वीतभर जागा मोकळी होती. त्या मोकळ्या जागेपुढे मास्साबांच्या देखण्या अक्षरातली चिठ्ठी. ‘मिट्टी का किला. घर पर है.’

मुलं विचारत होती, ‘मास्साब, इतै तौ कछू नईं है?’ मास्साब म्हणत, ‘पढ़ो.’ एवढंच. ती जागा वर्षभर रिकामी राहिली. नवीन वस्तू आल्या तेव्हा मोराला सरकवलं, कंदील खालच्या फळीवर नेला, पण त्या वीतभर जागेत काही ठेवलं नाही. आणि मुलं घरी येऊ लागली. दोघं-तिघं करून, शाळा सुटल्यावर, मला न हसता. बाबा कामावरून आले की हातपाय न धुताच स्टूल घेऊन अंगणात बसत आणि भेगेत कंदील धरून एकेकाला मुळं दाखवत. ‘ध्यान से देखो. अंदर देखो.’ आपण फोडलेली वस्तू ते अशा अभिमानाने दाखवत की जणू त्यासाठीच फोडली होती. त्या आठवड्यात केव्हातरी मी त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागले. पुढच्या दिवाळीत जिज्जींच्या गोधनावरही मोहरी उगवलेली दिसली. पहार तौ पहार आय.

मोहरी पिवळी पडली, माती आईने तुळशीत घातली, बादली भंगारात गेली. ती क्वार्टरं पाडून आता तिथे उंच इमारती झाल्या आहेत. मागे मतदानाला त्याच शाळेत केंद्र आलं होतं. रांगेतून जाताना कपाट दिसलं. काच तीच, आत आता हजेरीपटांचे गठ्ठे. मी वरच्या फळीवरची ती जागा शोधत उभी राहिले तर मागून कुणी म्हणालं, ‘अम्मा, आगे बढ़ो.’ बढ़ले. मास्साब केव्हा गेले ते मला कळलंही नाही. बाबा गेले तेव्हा मी जवळ होते. त्यांच्या हाताची बोटं हातात घेऊन बसले होते आणि किती मूर्ख मन, मला सारखा तो पत्र्याचा कोपराच आठवत होता.

आज दुपारी नात शाळेतून आली आणि फोन घेऊन खिडकीशी गेली. फोटो काढायचा शेवटचा दिवस. थोड्या वेळाने रडवेली होऊन आली. ‘आजी, इसके बाल सीधे नहीं रहते. मैंने घुमाया था, फिर खिड़की की तरफ़ मुड़ गए.’ काल तिने करवंटी फिरवून ठेवली होती, आज केस पुन्हा उजेडाकडे वळले होते. फोटोत गृहस्थ एका बाजूने टकले दिसत होते. मी तिला जवळ घेतलं आणि किल्ल्याची गोष्ट सांगितली, इथे सांगितली तेवढीच. तिने सगळी ऐकली. मग फोटो तसाच पाठवला आणि खाली काहीतरी लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं. ‘ये अपने आप मुड़ता है. फ़ोटो में नहीं दिखेगा. घर पर है.’

अर्ध्या तासाने तिच्या बाईंचा अंगठा आला. बाईंचं काही चुकलं नाही. पन्नास मुलांचे पन्नास फोटो, पन्नास अंगठे, त्यांनाही घर आहे. पण ती फोनकडे बघत बसली. बाल्कनीत जाऊन खाली रस्ता पाहून आली. ‘आजी,’ तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘मैम देखने आएँगी क्या?’

मी उठले. खिडकीपाशी गेले आणि पायांतल्या सपाता काढून बाजूला ठेवल्या. गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत, तरी कठड्याला धरून बसले, वाकले, आणखी वाकले. करवंटीच्या काठाशी कापूस जरा उचलला. खाली, ओल्या काळोखात, पांढरी मुळं एकमेकांत गुंतून बसली होती. केवढी! आठ दिवसांत! पन्नास वर्षांत त्यांनी आपलं काम जराही बदललेलं नव्हतं. मी श्वास धरून बघत होते, आणि हे मी तिच्यासाठी करत नव्हते. मला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं.

‘पोरी, ये इकडे,’ मी म्हणाले, ‘आत बघ.’

ती आली, माझ्या शेजारी उकिडवी बसली. मी कापूस आणखी थोडा वर धरला. पण ती करवंटीकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.